आहारसल्ला आणि आहारतज्ज्ञ : खानदेशाच्या अन्नव्यवहारासंबंधी काही विचार

अन्न हा विषय असा आहे की, त्यासंबंधी ज्याला काहीच मत नाही असा मनुष्य सापडणे कठीण. ज्वर आला असता औषध कोणते घ्यावे हे आपण डॉक्टरांस विचारतो. परंतु त्या ज्वरात काय खावे व काय वर्ज्य करावे हे सांगावयास घरातील वडील माणसे, शेजारी, आप्तेष्ट आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर येणारे अनाहूत संदेश असे अनेक सल्लागार तत्पर असतात. यांपैकी कित्येकांचा सल्ला अनुभवाचा व हिताचाही असतो. तथापि तो सल्ला सामान्यतः पदार्थासंबंधी असतो. तो पदार्थ खाणाऱ्या विशिष्ट व्यक्तीसंबंधी नसतो. ‘केळे पौष्टिक आहे’, ‘मधुमेहाला ज्वारी चांगली’, ‘रक्त वाढावयास गूळ खावा’ ही विधाने त्या जातीची होत. ती सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु कोणासाठी, किती, केव्हा आणि कोणत्या औषधाबरोबर, या चार प्रश्नांची उत्तरे त्यांत नसल्यामुळे ती अपुरी आहेत, आणि रुग्णाच्या बाबतीत अपुरे ज्ञान पुष्कळदा अज्ञानाहून अधिक घातक ठरते.

या चार प्रश्नांची उत्तरे देणे हे शिक्षित आहारतज्ज्ञाचे कार्य होय. त्यापासून होणारे लाभ कोणते व त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील प्रत्यक्ष अन्नाच्या आधारे करावयाचा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खानदेशाची शिदोरी

तापीच्या खोऱ्यातील आहाराचा पाया ज्वारी व बाजरी यांच्या भाकरीचा. त्यातही कळण्याची भाकरी हे या भागाचे खास वैशिष्ट्य. ज्वारीमध्ये अख्खे उडीद मिसळून दळलेल्या पिठाची ही भाकरी ठेच्याबरोबर किंवा वांग्याच्या भरताबरोबर खाण्याची रीत सर्वश्रुत आहे. आहारशास्त्राच्या दृष्टीने हा संयोग विचार करण्याजोगा आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची उणीव असते. उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मेथिओनिन कमी असते, ते ज्वारी पुरविते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांपैकी वीस ग्रॅम ज्वारीच्या जागी तितकेच उडीद घेतले, तर प्रथिनांचे प्रमाण १२ ग्रॅमच्या वर जाते व त्यांची गुणवत्ताही सुधारते. प्रयोगशाळेचे साहाय्य न घेता आपल्या पूर्वजांनी हा मेळ साधला, ही गोष्ट कौतुकास्पद खरीच.

परंतु परंपरेने सर्वच प्रश्न सोडविले, असे मात्र म्हणता येणार नाही. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दख्खनच्या गरीब वर्गात पेलाग्रा हा रोग आढळे. त्वचेवर काळसर चट्टे, अतिसार व बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे. हैदराबाद येथील संशोधक गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. त्यांच्या उपपत्तीसंबंधी पुढे मतभेद झाले. तथापि एकाच धान्यावर भिस्त ठेवणारा आहार, ते धान्य कितीही गुणकारी असो, शरीरास अपुरा पडतो, हे तथ्य त्यातून ठळकपणे पुढे आले. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी व ताक असणे आणि नुसती भाकरी व मिरची असणे, यांत पोषणाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

आजच्या खानदेशात यापुढची गुंतागुंतही निर्माण झाली आहे. एकीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांतील आणि साक्री तालुक्यातील आदिवासी वस्त्यांत बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न उभा आहे. दुसरीकडे शहरांत व बागायती गावांत शारीरिक श्रम कमी झाले असून तर्रीदार शेवभाजी, तळलेले पदार्थ व साखर यांचे प्रमाण वाढले आहे, आणि मधुमेह व रक्तदाब हे रोग घरोघरी ऐकू येऊ लागले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेही प्रौढांची संख्या १० कोटींच्या वर गेली आहे. अभाव आणि अतिरेक हे दोन्ही दोष एकाच जिल्ह्यात, कधी कधी एकाच कुटुंबात नांदत असता सर्वांना एकच आहारोपदेश करणे कसे उपयोगी पडावे?

शास्त्र आणि व्यवसाय

भारतातील पोषणसंशोधनाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ मध्ये रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी एक लहानशी प्रयोगशाळा सुरू केली. तिचेच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळेत रूपांतर झाले. १९५८ मध्ये ती हैदराबादेस हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. या संस्थेचे संचालक ॲक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. २०१७ साली निघालेल्या नव्या कोष्टकांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. आज येथील आहारतज्ज्ञ भाकरी, भगर वा शेंगदाणे यांचा हिशेब मांडू शकतात, तो परदेशी पुस्तकांवरून नव्हे, तर या देशी कोष्टकांच्या आधारे.

व्यवसायाची घडी मात्र पुष्कळ उशिरा बसू लागली. इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. आहारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण व रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांस ती नोंदणीकृत आहारतज्ज्ञ म्हणून मान्यता देते. परंतु ‘आहारतज्ज्ञ’ ही पाटी कोणी लावावी यावर कायद्याचे बंधन दीर्घकाळ नव्हते. वैद्यकाशी संलग्न अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा अधिनियम संसदेने २०२१ मध्ये संमत केला. त्यात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा स्पष्ट समावेश असून राज्य परिषदा व नोंदवह्या यांची तरतूद आहे. आठ-पंधरा दिवसांचा वर्ग करून किंवा एखाद्या पोषक चूर्णाची विक्री करता करता स्वतःस तज्ज्ञ म्हणविणारी व्यक्ती आणि शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन व रोगविषयक आहार यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेली व्यक्ती, यांतील भेद ओळखणे त्यामुळे अधिक सुकर व्हावे.

सल्ला कसा सिद्ध होतो

आहारतज्ज्ञाच्या कार्यपद्धतीचे चार टप्पे मानले जातात. पहिला टप्पा परीक्षणाचा. उंची, वजन, कमरेचा घेर, वजनात अलीकडे झालेली घट वा वाढ, रक्ततपासणीचे अहवाल, चालू असलेली औषधे, या सर्वांची नोंद होते. त्याबरोबरच मागील चोवीस तासांत काय काय खाल्ले, हे क्रमाने विचारले जाते. येथेच शिक्षित सल्लागाराचे कौशल्य दिसून येते. ‘दोन भाकरी खातो’ या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. भाकरी केवढी, एका भाकरीस पीठ किती लागते, भाजीस तेल किती पळ्या पडते आणि ती भाजी किती माणसांत वाटली जाते, चहा दिवसातून किती वेळा व साखर किती, शेतावर नेलेली शिदोरी पूर्ण संपते की परत येते, हे सर्व विचारावे लागते. अहिराणी बोलणाऱ्या वृद्ध स्त्रीस ‘उष्मांक’ हा शब्द समजणार नाही. परंतु तिच्या भाषेत व तिच्या भांड्यांच्या मापाने विचारल्यास ती आपल्या आहाराचे अचूक वर्णन करील.

दुसरा टप्पा निदानाचा. ते रोगाचे निदान नव्हे. ते डॉक्टरांचे काम. आहारात नेमके काय उणे वा अधिक आहे आणि त्याचे कारण काय, याचे हे निदान. कारण अनेक प्रकारचे असू शकते : अज्ञान, दारिद्र्य, दात नसणे, कामाच्या वेळा, कुटुंबात सर्वांत शेवटी जेवण्याची स्त्रियांची रीत. तिसरा टप्पा योजनेचा व चौथा पुनःपरीक्षणाचा. चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. एकदा कागदावर लिहून घेतलेला ‘तक्ता’ वर्षानुवर्षे भिंतीवर टांगून ठेवणे म्हणजे आहारसल्ला नव्हे; कारण शरीर बदलते, रोग पुढे-मागे सरकतो व औषधे बदलतात.

एक केळे आणि तीन माणसे

हा विचार स्पष्ट होण्यासाठी जळगाव जिल्ह्याच्या अभिमानाचेच उदाहरण घेऊ. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोललेल्या शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे २३ ग्रॅम पिष्टमय व शर्करामय पदार्थ आणि सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. केळीच्या बागेस ज्या पालाशयुक्त खताची मोठी भूक असते, त्या पालाशातील मूलद्रव्य हेच.

समजा, एक कृश, वाढत्या वयाचा शाळकरी मुलगा आहे. त्यास रोज दुधाबरोबर एक-दोन केळी देणे हा स्वस्त व उत्तम उपाय होय. दुसरी व्यक्ती मधुमेही. तिला केळे सर्वथा वर्ज्य आहे असा समज रूढ आहे. परंतु लहान आकाराचे, फार न पिकलेले अर्धे केळे, जेवणातील भाकरी त्या मानाने कमी करून, तिच्या आहारात बसविता येते की नाही हे तिच्या रक्तशर्करेवरून ठरविता येते. तिसरी व्यक्ती मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने ग्रस्त असून तिच्या रक्तातील पोटॅशियम वाढलेले आहे. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते. येथे तो मार्ग खुंटलेला असतो. रक्तातील पोटॅशियम प्रमाणाबाहेर गेल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो. अशा रुग्णास आप्तेष्टांनी भेटीस येताना आणलेली केळी, शक्तीसाठी दिलेले शहाळ्याचे पाणी किंवा रक्तदाबासाठी हितकर म्हणून आणलेले ‘कमी सोडियमचे मीठ’ ही तिन्ही धोक्याची ठरतात. कारण त्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार असतो. फळ तेच, त्याचे गुणधर्मही तेच. परंतु एकास अन्न, दुसऱ्यास मोजून घेण्याची वस्तू आणि तिसऱ्यास संकट.

मूत्रपिंडाच्या विकारात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसास सुमारे ०.६ ते ०.८ ग्रॅम असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र त्या प्रक्रियेत प्रथिनांचा काही अंश नष्ट होत असल्यामुळे हेच प्रमाण १.० ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवावे लागते. पन्नास किलो वजनाच्या रुग्णास काल ३० ते ४० ग्रॅम प्रथिने पुरेशी होती, आज ५० ते ६० ग्रॅम हवीत. ‘किडनीच्या रुग्णाने डाळ खाऊ नये’ हे एकदा ऐकलेले वाक्य उराशी धरून डायलिसिसवरील रुग्ण डाळ, दूध, अंडी सर्वच टाकून देतो आणि दिवसेंदिवस क्षीण होत जातो. त्या वेळी पथ्याचे नियम उलटले आहेत हे सांगणारे, आणि ते सांगताना पोटॅशियम व फॉस्फरस यांचाही तोल सांभाळणारे कोणी तरी हवे असते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास तिच्यातील पोटॅशियम बरेच उतरते, यासारखी स्वयंपाकातील युक्तीही तेथेच समजते.

मधुमेह : ज्वारी, उपवास आणि औषध

मधुमेह्याने गहू सोडून ज्वारी खावी, हा सल्ला आता सर्वतोमुखी झाला आहे. ज्वारीचे गुण मान्य करूनही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. शंभर ग्रॅम पिठात पिष्टमय पदार्थांचे प्रमाण गव्हाच्या व ज्वारीच्या बाबतीत जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे ६४ ते ६८ ग्रॅम असते. ज्वारीची म्हणून तीन मोठ्या भाकरी खाणारा मनुष्य दोन लहान पोळ्या खाणाऱ्याहून अधिक पिष्ट पोटात घालतो. प्रश्न धान्याच्या जातीइतकाच त्याच्या मापाचा आहे, आणि ताटात त्याच्या जोडीला डाळ, पालेभाजी, कोशिंबीर किती आहे याचाही आहे.

आहार व व्यायाम यांच्या पद्धतशीर मार्गदर्शनाचा परिणाम मोठ्या प्रयोगांनी सिद्ध झाला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीवनपद्धती बदलण्याचे वैयक्तिक शिक्षण घेतलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नई येथील रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय व्यक्तींवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जीवनपद्धतीतील बदलाने सुमारे २८ टक्के घट दिसली व ती औषधाने झालेल्या घटीच्या तोडीची होती. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रशिक्षित परिचारिका वा आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली वजन उतरविलेल्या गटापैकी ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा एक वर्षानंतर औषधावाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. हे रुग्ण मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते आणि त्यांत इन्सुलिन घेणारे नव्हते, हे विसरता कामा नये. या सर्व प्रयोगांत समान असलेली गोष्ट म्हणजे वारंवार भेटी व सततचे मार्गदर्शन. केवळ छापील सूचनांनी हे साधलेले नाही.

आहार आणि औषध यांची सांगड न घातल्यास काय होते, हे उपवासाच्या दिवसांत दिसते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रमजानचे रोजे हे आपल्या समाजजीवनाचे अविभाज्य भाग आहेत. स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडणाऱ्या गोळ्या अथवा प्रत्यक्ष इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन दिवसभर निरशन राहिल्यास रक्तशर्करा एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीने, जी बहुतांशी शुद्ध पिष्टच असते, तीच शर्करा एकदम चढते. श्रद्धेचा उपहास करून हा प्रश्न सुटत नाही. जाणते आहारतज्ज्ञ डॉक्टरांशी विचारविनिमय करून, कोणी उपवास मुळीच करू नये व कोणी भगर, शेंगदाणे, दही, ताक यांच्या आधाराने तो कसा निभवावा, हे सांगतात. कानबाईच्या रोटांचे दिवस अथवा खापरावरच्या पुरणपोळ्यांचे जेवण यांसंबंधीही हेच म्हणता येईल. सणाचे ताट नाकारणारा सल्ला फार दिवस टिकत नाही. त्या ताटातील माप ठरवून देणारा सल्ला टिकतो.

रक्तक्षय : एक नाव, अनेक कारणे

रक्तक्षयाच्या बाबतीत सर्वसामान्य सल्ल्याची मर्यादा अधिकच स्पष्ट होते. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम. पालेभाज्यांतूनही लोह मिळते. तथापि वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण अल्प होते. धान्यातील फायटेट व चहातील टॅनिन ते आणखी घटवितात. जेवणाबरोबर वा जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय मोडली, भाकरी-भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात पेरू, आवळा यांसारखे ‘क’ जीवनसत्त्वयुक्त फळ घेतले, तर त्याच अन्नातून अधिक लोह अंगी लागते. यास खर्च फारसा येत नाही. मात्र गर्भवतीची लोहाची गरज केवळ अन्नाने भागणे अवघड असते. म्हणूनच शासकीय कार्यक्रमात तिला ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी रोज, गर्भावस्थेत १८० दिवस घेण्यास सांगितले जाते. ‘गोळी नको, गूळ-शेंगदाणे पुरे’ असे सांगणारा सल्लागार मातेच्या जिवाशी खेळत असतो.

याउलट, प्रत्येक फिकट चेहऱ्यास लोहाची गोळी हेच उत्तर आहे असेही नाही. सातपुड्यातील भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत नोंदला गेला. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या विकारात तांबड्या पेशी लवकर फुटतात व त्यांतील लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात लोहाचा अतिरिक्त साठा होऊन यकृत व हृदय यांस इजा पोहोचते. त्यास तपासणीवाचून लोह देणे अयोग्य. फॉलिक आम्ल, भरपूर पाणी व एकंदर पुरेसे अन्न यांकडे लक्ष देणे योग्य. यासाठी प्रथम रक्ताची चाचणी हवी. चाचणी झाली आहे काय, हे विचारल्याशिवाय जो रक्तवाढीचा आहार सांगतो, त्यास तज्ज्ञ म्हणता येणार नाही.

कुपोषित बालक आणि क्षयरोगी

तीव्र कुपोषित बालकास भरपूर खाऊ घालावे, असे कोणाही सहृदय मनुष्यास वाटेल. परंतु दीर्घ उपासमारीने क्षीण झालेल्या शरीरावर अन्नाचा एकदम भडिमार केल्यास रक्तातील क्षारांचा तोल बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलेल्या गंभीर बालकास प्रथम एफ-७५ हे सौम्य दुग्धमिश्रण थोडे थोडे, दिवसरात्र ठराविक अंतराने देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात. प्रकृती स्थिरावून भूक परत आल्यावर १०० उष्मांकांचे एफ-१०० सुरू होते. लोहदेखील पहिल्या टप्प्यात देत नाहीत. मायेने भरविलेला घास केव्हा तारक व केव्हा मारक, हे येथे मिलिलिटरच्या मोजमापाने ठरते. बालक घरी परतल्यावर घट्ट वरण, तेल वा तूप घातलेली खिचडी, अंडे, कुटलेले शेंगदाणे यांचा दिवसातून पाच-सहा वेळा थोडा थोडा आहार कसा द्यावा, हे मातेस शिकविणे हा त्या उपचाराचाच भाग होय.

क्षयरोगाचे उदाहरण थोडे निराळे आहे. झारखंडमध्ये भार्गव दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांच्या कुटुंबीयांस दरमहा धान्य, डाळ इत्यादी शिधा देण्यात आला. त्या कुटुंबांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, व संसर्गजन्य प्रकाराचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. यातून आहारतज्ज्ञाच्या कार्याची मर्यादाही स्पष्ट होते. ज्याच्या घरी धान्यच नाही, त्यास सल्ल्याची नव्हे, अन्नाची गरज असते. केंद्र शासनाने क्षयरोग्यास पोषणासाठी दिली जाणारी मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये केली आहे. ही मदत, स्वस्त धान्य दुकानातील शिधा व अंगणवाडीतील आहार यांची माहिती रुग्णास देणे, आणि त्या पैशात अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यांपैकी काय घेतल्यास अधिक प्रथिने पदरी पडतील याचा हिशेब करून देणे, हे मात्र तज्ज्ञाचे काम आहे.

काही व्यावहारिक सूचना

वरील विवेचनावरून, निरोगी मनुष्याने प्रत्येक घासासाठी तज्ज्ञाकडे धाव घ्यावी, असा अर्थ कोणी काढू नये. डाळ, भाकरी, पालेभाजी, ताक, हंगामी फळ असा मिश्र आहार व पुरेसे श्रम हे सामान्य स्थितीत पुरेसे आहेत. मधुमेह, मूत्रपिंड वा यकृताचे विकार, हृदयविकार, सिकलसेल, गर्भावस्थेतील गुंतागुंत, बालकाची खुंटलेली वाढ, कर्करोगाचे उपचार आणि कारणावाचून घटणारे वजन, या स्थितींत मात्र तज्ज्ञाचा सल्ला हा उपचाराचाच भाग मानावा. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णाने पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, यासारख्या गोष्टीही अशा भेटीतच उघड होतात.

भेटीस जाताना अलीकडील तपासण्यांचे अहवाल, सर्व औषधांची नावे, त्यांत काढे व चूर्णेही आली, आणि तीन दिवसांच्या आहाराची प्रामाणिक नोंद बरोबर न्यावी. घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला बरोबर नेणे सर्वांत हितावह. कारण पथ्य रुग्णाचे असले तरी ते शिजते तिच्या चुलीवर. सल्लागाराची पदवी व नोंदणी विचारण्यात संकोच मानू नये. जो औषधे बंद करावयास सांगतो, महिन्यात अमुक किलो वजन उतरेल अशी हमी देतो, अथवा स्वतःजवळील डबे विकत घेण्याचा आग्रह धरतो, त्याच्यापासून दूर राहावे. ज्याने ओट व परदेशी फळे यांची यादी दिली परंतु आपण भाकरी कशाची खाता हे विचारले नाही, त्याच्या सल्ल्याचा उपयोगही मर्यादितच.

प्रशिक्षित आहारतज्ज्ञ प्रामुख्याने शहरांतील रुग्णालयांत आढळतात, आणि त्यांची सर्वाधिक गरज असलेल्या वाड्या-पाड्यांपासून हे अंतर फार मोठे आहे. धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावीही ते आता झाले आहे. या केंद्रांतील तज्ज्ञांनी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांस शिकवावे, कठीण रुग्ण त्यांनी वर पाठवावेत, आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी खानदेशी पदार्थांची मापे व पोषणमूल्ये यांची स्थानिक भाषेत कोष्टके तयार करावीत, अशी योजना अशक्य नाही. एका भाकरीस किती पीठ, एका वाटी भरतात किती तेल, कळण्यात किती उडीद, हे गावोगाव मोजून पाहणे हे काम वरवर क्षुल्लक भासेल. परंतु डॉक्टरांनी लिहून दिलेले पथ्य व घरचे ताट यांतील अंतर भरून निघावयाचे तर त्याचा प्रारंभ अशा मोजमापापासूनच झाला पाहिजे.